सॉसेजचं साल

त्या रविवारनंतर गावात मला कुणी नुसतं ‘टपालवाला अन्सेल्म’ म्हणणार नाही, याची मला पक्की खात्री होती. चौदा वर्षांपूर्वी मी आणि माझा मेव्हणा थिओडुल वादळात सापडलो होतो आणि हिमनदीच्या वरच्या अंगाला, बर्फात खोदलेल्या बिळात दोन रात्री काढून जिवंत परतलो होतो. झुरिकहून आलेल्या नाडीन नावाच्या बाईंनी त्यावर दीड तासाचा माहितीपट केला होता. शहरात तो बघताना लोक रडले म्हणे! आता तो आमच्या गावात दाखवायचा होता. मी केस कापून घेतले, भाषण लिहिलं आणि आरशासमोर उभं राहून नम्र चेहऱ्याचा सराव केला. त्यातलं शेवटचं सगळ्यात जड गेलं.

अग्निशामक बंब बाहेर काढून त्याच्या शेडमध्ये बाकं मांडली होती. चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळं गाव थेट तिथे आलं. पहिल्या बाकावर मधोमध मी, एका बाजूला बायको फिलोमेना, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ थिओडुल. मागच्याच बाकावर या दोघांची क्रेसेन्स आत्या. वय शहाऐंशी, कानाने अधू. त्यामुळे तिची कुजबूज पलीकडच्या खोऱ्यात ऐकू जाते.

पडद्यावर माझं काम करणारा नट दिसताच आत्याने विचारलं, हा कोण? अन्सेल्म, असं कळल्यावर ती म्हणाली की अन्सेल्म इतका देखणा तर लग्नातही नव्हता. चर्चची घंटा वाजवणारा मोरिट्स दर दोन मिनिटांनी सांगत होता की इथूनच मागे फिरायला हवं होतं. हा माणूस आयुष्यात रोप-वेच्या स्टेशनापलीकडे गेलेला नाही. हिमकडा कोसळला तेव्हा शहरातल्या बायकांनी म्हणे डोळे झाकले होते. आमच्याकडे वाद सुरू झाला की हा डोंगर आपला नव्हेच, हा शेजारच्या गावाचा. मी आतल्या आत दुधासारखा उतू जात होतो. अरे, पातेल्याच्या झाकणाने चार तास बर्फ खोदलाय मी! त्याबद्दल काही बोलाल की नाही?

पण मग दुसरी सकाळ आली. पडद्यावर खरा थिओडुल आपल्या स्वयंपाकघरात बसून सांगत होता, “एकच सॉसेज उरलं होतं. अन्सेल्म म्हणाला, हे शेवटचं, तू खा, मला भूक नाही.” आणि त्याला पुढे बोलवेना.

शेड चिडीचूप. कुणीतरी नाक ओढलं. मोरिट्सने टोपी काढली. आत्याने मागून माझ्या खांद्यावर थोपटलं. मी सराव केलेला चेहरा लावला.

तेवढ्यात फिलोमेना हळूच म्हणाली, “मग तुझ्या खिशात साल कुठून आलं?”

हळू म्हणाली, पण त्या शांततेत ते बाहेरच्या बंबालासुद्धा ऐकू गेलं असेल. मी परतल्यावर माझं जाकीट तिने धुतलं होतं, आणि खिशात सॉसेजचं साल सापडलं होतं. वाळलेलंही नाही, चांगलं ताजं. नवरा मरणाच्या दारातून आलेला, त्याला साल काय विचारायचं, म्हणून ती गप्प बसली होती. चौदा वर्षं! आणि तोंड उघडायला तिला नेमका हाच मुहूर्त सापडला.

थिओडुल म्हणाला की सॉसेज तीनच होती, पिशवी त्यानेच भरली होती. दोन चढताना संपली, तिसरं त्याला मिळालं. त्यावर मी ठणकावून सांगितलं की चौथं मी घरून निघतानाच खिशात टाकलं होतं. माझ्या तोंडून ते निघालं, आणि सगळ्या शेडने एकदम श्वास आत घेतला.

आता खरं काय ते ऐका. थिओडुलच्या हाती पडेल ते तो तिथेच संपवतो, लहानपणापासून. तिसरी रात्र काढावी लागली तर? म्हणून ते सॉसेज मी त्याच्यासाठीच राखलं होतं. हे मी तिथे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं.

“मग मला दिलं का नाहीस?” थिओडुलने विचारलं.

“तिसरी रात्र आलीच नाही. हेलिकॉप्टर आलं.”

“आणि सॉसेज?”

“हेलिकॉप्टरमध्ये खाल्लं.”

“हेलिकॉप्टरमध्ये मी तुझ्या शेजारी होतो, अन्सेल्म.”

“तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.”

मला हे उत्तर बिनतोड वाटलं होतं.

पडद्यावर तेव्हा आमची सुटका चालली होती. व्हायोलिनं गळा काढत होती. बघत कुणीच नव्हतं. मोरिट्सने हेलिकॉप्टरचा भाग पुन्हा लावायला लावला. सगळे पुढे वाकून बघू लागले. माझा जबडा हलत नव्हता. बघा, मी म्हटलं. तो नट आहे, असं सगळं गाव एका सुरात म्हणालं.

शेवटी नाडीनबाईंनी भीती, मृत्यू, मैत्री यांबद्दल प्रश्न विचारायला सांगितलं. पहिला प्रश्न आला, सॉसेज हरणाचं होतं की गाईचं? भाषणाचा कागद माझ्या खिशातच राहिला. थिओडुल उठला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. बर्फाने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली आहेत. तो चालताना ते दिसतं. त्या दिवशी मला ते जरा जास्तच दिसलं.

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. मी रोज त्याच्या पेटीत पत्रं टाकायचो आणि तो खिडकीचा पडदा ओढायचा. त्याच्याशिवाय मी कधी डोंगरावर गेलेलो नाही, आणि घरी फिलोमेना माझ्यापुढे ताट ठेवताना तुकडे मोजायची. मग एके सकाळी आत्याने थिओडुलच्या नावे एक पार्सल पाठवलं. वास लपत नव्हता. पोचवायचं मलाच होतं, म्हणून तिने त्यावर चिकटपट्टीचे तीन थर दिले होते.

सहीसाठी त्याला दार उघडावंच लागलं. त्याने पार्सल फिरवून फिरवून पट्टी तपासली. मग खाली बघत म्हणाला, “त्या दोन्ही रात्री माझे पाय तू शर्टाखाली, पोटाशी धरून बसला होतास. ते मी त्या बाईंना सांगितलं होतं. त्यांनी कापलं.”

मी सही कुठे करायची ते दाखवलं.

“शनिवारी वर जाऊ,” तो म्हणाला. “खाणं मी घेईन. आणि निघताना तुझे खिसे बघेन.”

शनिवारी पहाटे त्याने आमच्या दारात माझे चारही खिसे उलटे करून पाहिले. मी मुकाट्याने हात वर करून उभा राहिलो. जाकिटाला आतून पाचवा खिसा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो फिलोमेनाने दाखवला.