डाव्या ट्रेमधला आत्मविकास

माणूस जन्माने नव्हे, सवयींनी मोठा होतो! हे महान सत्य मला रविवारी दुपारी, जेवणानंतर आडवं पडल्या पडल्या उमगलं.

निमित्तही तसंच होतं. शुक्रवारी आमच्या ऑफिसात अधीक्षकाची खुर्ची भरली जाणार होती आणि बावीस वर्षं हेडक्लार्की केलेला, तिच्यात मावेल असा मी एकटाच होतो.

"आजपासून मी बदलणार!" मी बायकोला सांगितलं. "सुरुवात कुठून करू?"

"उठून बसण्यापासून."

उठलो. वहीचा कागद फाडला, मधोमध रेघ मारली. 'बंद'च्या बाजूला लिहिलं: लिफ्ट, अकराचा चहा, दुसऱ्याच्या डब्यात डोकावणं. 'सुरू'च्या बाजूला: जेवणानंतर दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसणं आणि रोज एका नावडत्या माणसाशी गोड बोलणं.

"घोरणं राहिलं," बायको म्हणाली.

"ती सवय नाही, प्रकृती आहे!"

"बरं, मग न वाचता सह्या करणं तरी बंद करा. लेकीने गणिताच्या नापास पेपरवर सही घेतली, तेव्हा 'शाब्बास' म्हणालात तिला!"

कागदावर जागा संपली असं सांगून मी विषय मिटवला.

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. माझ्या डाव्या ट्रेमध्ये पडलेला कागद टायपिस्टबाई टाइप करतात, मी सही करतो आणि शिपाई तो फळ्यावर डकवतो. मजकुराशी तिघांचंही काही देणंघेणं नसतं. सोमवारी मी यादी पाठ करत होतो, तेवढ्यात साहेबांची बेल वाजली. यादी हाताशी आलेल्या ट्रेमध्ये टाकून धावलो. परत येऊन चाळीस कागदांवर सह्या ठोकल्या आणि घरी गेलो.

मंगळवारी ठरल्याप्रमाणे जिन्याने निघालो. बघतो तर सगळं ऑफिस जिन्यात! कोणी कठड्याला लोंबकळतंय, कोणी पायरीवर बसून भात्यासारखं धापा टाकतंय. म्हटलं, संगतीचा परिणाम म्हणतात तो हाच!

टेबलाशी पोचतो तोच कॅशिअर आला. पंख्याच्या दिशेवरून दोन वर्षं आमचा अबोला.

"दादा, आज चेहऱ्यावर काय तेज आहे हो!"

मागोमाग आवक-जावकच्या ताई. "तुम्ही आहात म्हणून ऑफिस चाललंय!"

मग रांगच लागली. मी मनात म्हटलं, बढतीची बातमी फुटली! सगळ्यांचे नमस्कार मी मोठ्या मनाने स्वीकारले.

जेवणानंतर हॉलमध्ये गेलो तर सगळे डोळे मिटून गप्प. 

"कोण गेलं हो?" मी टायपिस्टबाईंच्या कानात विचारलं.

"बोलू नका! अजून चार मिनिटं आहेत. तुम्हीच तर फळ्यावर लावलंय!"

फळ्याकडे धावलो. 'सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, लिफ्ट, अकराचा चहा व दुसऱ्याच्या डब्यात डोकावणे तत्काळ बंद करण्यात येत आहे. प्रत्येकाने जेवणानंतर दहा मिनिटे डोळे मिटून शांत बसावे व दररोज एका नावडत्या माणसाशी गोड बोलावे. कसूर करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' खाली माझी सही. वळणदार.

मी बोटं मोजली. सकाळपासून अठरा जण गोड बोलले होते. साहेब आणि मी धरून ऑफिसात आम्ही वीस!

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. तीन मजले चढून त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"या, या! तुमच्यासारखा गुणी माणूस मी पाहिला नाही."

मी आणखी एक बोट मोजलं. एकोणीस!

"सही तुमचीच ना?"

"माझीच, पण आईशपथ साहेब, मी वाचलं नव्हतं!"

बचाव म्हणून मला तो भक्कम वाटला होता.  साहेबांनी टायपिस्टबाईंना बोलावून काहीबाही सांगितलं आणि तासाभराने तीन कागद माझ्यापुढे सरकवले.

"नीट वाचा, मगच सह्या करा."

"अर्थात, साहेब!" म्हणत मी घामाघूम अवस्थेत तिन्हींवर सह्या केल्या आणि बाहेर सटकलो.

पहिला कागद परिपत्रक रद्द केल्याचा होता. दुसरा, रेकॉर्ड रूममधली बदली मला आनंदाने मान्य असल्याचा.

रेकॉर्ड रूम सहाव्या मजल्यावर आहे. लिफ्ट कुलपात आहे, किल्ली लिफ्टमनच्या खिशात आहे आणि लिफ्टमन तीन आठवड्यांच्या रजेवर. तिसरा कागद त्याचा अर्ज होता.