हवा काढलेला गार्लिक ब्रेड

"महिनाभर माझ्याकडेच राहायचं, बॅग भरून ठेव. उद्या दुपारी चारला मी गाडी घेऊन येते," फोनच्या स्पीकरमधून ताईंचा आवाज आला, आणि सोफ्यावर बसलेल्या सुपरवायझरांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

सुपरवायझर म्हणजे या घरातले नवरोबा. तीस वर्षं साइटवर उभं राहून काँक्रीट ओतून घेण्यात गेली, रिटायर होऊनही दोन वर्षं झाली, तरी अख्खी बिल्डिंग त्यांना सुपरवायझरच म्हणते. दहा दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून बायकोचा उजवा हात मोडला, तो प्लॅस्टरमध्ये गेला, आणि तेव्हापासून घर चहा-बिस्किटांवर चाललं होतं. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. त्यांनी ठरवलं की ठरवलं, मग ब्रह्मदेव आला तरी गाडी चारलाच दारात लागणार.

"अगं, हे करतात ना सगळं," बायको म्हणाली.

"काय करतात? एका पदार्थाचं नाव सांग."

बायकोने तरी खोटं किती बोलायचं? सुपरवायझरांनी मात्र मनात हिशेब केला. महिनाभर बायको नाही म्हणजे महिनाभर घरात टीव्हीशिवाय कोणी बोलणार नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण 'जाऊ नकोस, मला करमणार नाही' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, आणि ताई ऐकत असताना तर ते निघणं शक्यच नव्हतं. समोर टीव्हीवर एक बाई हसत हसत ओव्हनमधून ट्रे काढत होती.

"गार्लिक ब्रेड!" ते ओरडले. "उद्या या तुम्ही ताई. गार्लिक ब्रेड खायला घालतो."

"बाहेरून ब्रेड आणून त्याला लसूण फासणार असाल तर..."

"ब्रेडसुद्धा घरी! मैद्यापासून!"

"बरं भाऊजी," ताई शांतपणे म्हणाल्या. "खाण्यासारखा झाला तर ही तुमच्याकडे राहील. नाही झाला तर बॅग गाडीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सुपरवायझरांनी डोक्याला रुमाल बांधला आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल आडवं टाकलं.

"आत यायचं नाही. साइटवर बाहेरच्या माणसाला प्रवेश बंद."

"मी बाहेरची?" बायको म्हणाली. "माझंच स्वयंपाकघर आहे ते!"

"असू दे. कोणी केला म्हणून ताईंनी विचारलं तर मला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. तू तिथूनच सांग, मी लिहून घेतो."

बायकोने सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. कोमट दुधात साखर आणि यीस्ट. मग मैदा, मीठ, तेल. दहा मिनिटं मळायचं, ओलं फडकं झाकून दीड तास ठेवायचं. त्या दीड तासात पीठ फुगतं, हे काही तिने सांगितलं नाही. आता हे काय सांगायचं? शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्या पोराने तीस वर्षं काँक्रीट ओतलेलं नसतं.

दीड तासाने सुपरवायझरांनी फडकं उचललं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. गोळा दुप्पट झाला होता! बोटाने दाबून पाहिलं, तर आत नुसती हवा. आता काँक्रीटमध्ये हवा राहणं म्हणजे काय, हे सुपरवायझरांना कोणी सांगायला नको. हवा राहिली की पोकळी, पोकळी राहिली की तडा, आणि तडा गेला की सगळे सुपरवायझरच्या नावाने शंख करणार. त्यांनी अस्तन्या वर केल्या आणि गोळ्याला बुक्क्यांनी बदडून काढलं. मग लाटण्याने चेपला, आणि खात्री म्हणून पातेलं ओट्यावर वीस वेळा आपटलं.

"अहो, कसला आवाज येतोय?" बाहेरून बायको.

"हवा काढतोय!"

"बरं, काढा," ती म्हणाली. एकदा काढायचीच असते, म्हणून ती निर्धास्त होती.

तासाभराने गोळा पुन्हा फुगला. सुपरवायझरांनी पुन्हा ठोकला. तो पुन्हा फुगला. आता प्रश्न ब्रेडचा राहिला नव्हता. चौथ्या वेळी त्यांनी आपल्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, माल फुगतोय हो. किती ठोकला तरी ऐकत नाही."

"कुठल्या साइटवर आहात साहेब?"

"घरी."

"माल कसला?"

"मैदा."

मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "साहेब, तब्येत बरी आहे ना? जरा वहिनींना फोन द्या."

"तिला कशाला? तुम्ही उपाय सांगा!"

"आता काय सांगू साहेब," मिस्त्री कळवळून म्हणाले, "गप्प बसेपर्यंत ठोका."

सुपरवायझरांनी ठोकला. दीड वाजता गोळ्याने हाय खाल्ली. आता तो मुळीच फुगत नव्हता. त्यांनी समाधानाने तो ट्रेमध्ये चौकोनी थापला, कडा पट्टी लावून सरळ केल्या आणि ओव्हनमध्ये सरकवला.

अडीच वाजता ब्रेड बाहेर आला. दोन बोटं उंचीचा गेला होता, दोन बोटंच उंचीचा परत आला. सुपरवायझरांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. ठक्क! कुठे पोकळ नाही, कुठे तडा नाही. असा स्लॅब त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी कौतुकाने सुरी घेतली, आणि सुरी वाकली.

ते पाहायला बायको दारातलं स्टूल ओलांडून आत आली होती.

"अहो, किती वेळा हवा काढलीत?"

"पाच. कणभरसुद्धा ठेवली नाही."

"अहो, ती हवा म्हणजेच तर ब्रेड!"

सुपरवायझरांच्या हातातली सुरी खाली आली. बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"मी बॅग भरते," ती म्हणाली. "ताई प्रेमाने नेते हो, पण तिच्याकडे दुपारी झोपायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, जेवताना बोलायचं नाही. तिच्या घरी गेले की मी पुन्हा सहावीत जाते."

"बॅगेला हात लावायचा नाही!" सुपरवायझर असे ओरडले की तीही दचकली. "दीड तास आहे अजून. लोणी कुठे ठेवतेस ते सांग."

त्यांनी माळ्यावरून लोखंड कापायची करवत काढली, तिला कोरं पातं लावलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि ब्रेड कापायला घेतला. भुसा पडत होता, घाम गळत होता, पण एकेक चकती निघत होती, पापुद्र्याहून जराशीच जाड. आता बायकोला साइटवर प्रवेश होता. ती डाव्या हाताने दाखवत होती आणि ते करत होते. दोन गड्डे लसूण ठेचला, लोणी वितळवलं, कोथिंबीर बारीक चिरली आणि चकत्यांना दोन्हीकडून फासून सगळं पुन्हा ओव्हनमध्ये घातलं. पावणेचारला असा काही वास सुटला की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.

चारच्या ठोक्याला ताई आल्या. बसल्या. चष्मा पुसून त्यांनी एक चकती उचलली आणि दाताखाली घेतली.

कर्रर्र!

सुपरवायझरांनी डोळे मिटले. पुन्हा कर्रर्र झालं. मग आणखी एकदा. डोळे उघडले तेव्हा ताई चौथ्या चकतीवर होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "घरी सून मला सगळं मऊ मऊ करून घालते. माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, पण सात वर्षांत त्यांना कोणी काम दिलं नव्हतं. काय कुरकुरीत झालंय हे! ही कुठेही जात नाही."

"बरं झालं!" सुपरवायझरांच्या तोंडून निघूनच गेलं. "मला हिच्याशिवाय करमलंच नसतं."

बायको लाजून प्लॅस्टरकडे बघत बसली. ताईंनी दोघांकडे पाहिलं, पाचवी चकती उचलली आणि म्हणाल्या, "मला तरी तिकडे कुठे करमतं?" मग त्यांनी पर्समधून फोन काढला. "सूनबाई, माझे कपडे पाठवून दे. हो, महिनाभराचे. मी इथेच राहतेय. अगं, खायला फार चांगलं मिळतं इथे."

फोन ठेवून त्या उठल्या, जाता जाता त्यांनी टीव्ही बंद केला आणि "आम्ही दोघी बहिणी बेडरूममध्ये झोपू, भाऊजींना सोफा बरा," असं जाहीर करून हात धुवायला गेल्या.

बायको सुपरवायझरांच्या कानाशी वाकली.

"अहो, पास होण्यापुरतं करायचं होतं ना! पहिला नंबर काढायला कोणी सांगितलं होतं?"

सुपरवायझर काही बोलणार, एवढ्यात आतून आवाज आला.

"भाऊजी, उद्या लसूण जरा जास्त घाला हं! आणि तुम्ही दोघं काय कुजबुजताय तिथे?"

"काही नाही ताई," दोघंही एका सुरात म्हणाले, आणि सुपरवायझरांनी मुकाट्याने मैद्याचा डबा खाली काढला.