सांबरपंतांचा लुआर दौरा

एका जंगलात, बाळांनो, पाणी भरपूर होतं, चारा भरपूर होता आणि वाघ शेजारच्या जंगलात होता. काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून तिथले प्राणी सुट्टीचे बेत आखत बसत.

तिथे दिगंबरपंत नावाचे एक सांबर राहत. त्यांची बायको कुमुदिनीबाई. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पंत म्हणाले, "बोल, कुठे जाऊ या?"

बाईंनी एका कॅलेंडरवर चित्र पाहिलं होतं. फ्रान्समधली लुआर नदी, काठाने सायकलची वाट, मागे पांढराशुभ्र राजवाडा.

"इथे जाऊ या. काठाकाठाने सायकल चालवायची. दमलो की बसायचं. बास."

"बास काय, बास!" पंत म्हणाले. "एवढ्या लांब जायचं आणि बसायचं? अभ्यास नको?"

पंतांनी अभ्यास केला. त्या खोऱ्यात राजवाडे शेकड्यांनी निघाले. पंतांनी मन घट्ट करून एकवीसच ठेवले. दिवस होते नऊ. मग त्यांनी तक्ता केला. त्यात लिहिलं होतं: 'शाम्बोर. आगमन ९.१०. दुहेरी जिना चढणे. भारावून जाणे, चार मिनिटे.'

"अहो, चार मिनिटं पुरतील?"

"मी सहा धरली होती. पण मग शेनोन्सोच्या राजवाड्याला उशीर होतो."

पहिलं वर्ष तक्त्यात गेलं. दुसऱ्या वर्षी सराव सुरू झाला. बाई तळ्याभोवती सायकलच्या फेऱ्या मारत. पंत सावलीत उभे राहून शिट्टी वाजवत. मग तिथल्या प्रसिद्ध वाइनचा सराव, करवंदाच्या रसावर. पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा.

"थुंकायचा कशाला?"

"जाणकार थुंकतात."

"मग पितं कोण?"

पंतांनी हा प्रश्न वहीत लिहून घेतला.

तिसऱ्या वर्षी महिना ठरेना. मे महिन्यात पावसाची भीती, जुलैत गर्दी, ऑगस्टात ऊन. ऑक्टोबरात द्राक्षं तोडून झालेली.

"अहो, माझा गुडघा कुरकुरायला लागलाय," बाई एका सकाळी म्हणाल्या. "आणखी दोन वर्षांनी मला सायकलवर बसता येणार नाही."

"गुडघा धरलाय ना! पाचव्या दिवशी, दुपारी अडीच ते तीन."

बाई घराबाहेर पडल्या. त्या शेजारच्या वेणूताई घोरपडीकडे गेल्या. मंगळवारी दोघी लुआरला निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी बाई परतल्या. नाक उन्हाने सोललेलं, आवाज बसलेला.

"किती राजवाडे झाले?" पंतांनी दारातच विचारलं.

"एक. तोही बाहेरून. वाटेत सायकल पंक्चर झाली. एका म्हाताऱ्या बदकाने ती दुरुस्त केली आणि घरची वाइन पाजली. त्याची भाषा आम्हाला कळेना, आमची त्याला. तरी दुपारभर हसत होतो. पोचलो तर राजवाड्याचं दार बंद."

"म्हणजे काहीच नाही पाहिलं!"

"पाण्यात राजवाड्याचं प्रतिबिंब पडलं होतं, ते पाहिलं. वेणूताई रडली. मग मीही रडले."

"किती मिनिटं?"

बाईंनी आत जाऊन चहा टाकला.

पुढच्याच महिन्यात वनविहार मंडळाने एका दुपारी व्याख्यान ठेवलं. विषय, 'लुआर: एक अनुभव'. वक्ते अर्थातच दिगंबरपंत. पटांगण खच्चून भरलं. कोणत्या राजाने कोणत्या राणीला कोणता राजवाडा दिला आणि दुसऱ्या राणीने तो कसा काढून घेतला, हे पंतांनी तोंडपाठ सांगितलं. माकडं माना डोलवत होती. एक रानगवा तर भारावला.

मध्येच कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तिथे संध्याकाळी नदीवरून असा काही वारा येतो..."

अध्यक्ष घुबड डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, ज्यांना माहिती आहे त्यांना बोलू द्या."

बाई उठल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. पंत तेराव्या राजवाड्यात होते. कुंपणापाशी वेणूताई पोर्तुगालचा नकाशा उलटा धरून उभी होती.

"गुडघा काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"दुखतोय," बाई म्हणाल्या. "चल लवकर."

तात्पर्य: बाळांनो, प्रवासाला जरूर जावं. पण प्रवासाबद्दल बोलायचं काम न गेलेल्यांवर सोपवावं. त्यांचं सगळं पाहून झालेलं असतं.