छाती धुणारे आबा

आमच्या आबांसमोर खोकायची सोय नाही. तुम्ही नुसता घसा खाकरा, की आबा काठी टेकत जवळ आलेच. "मासा खोकताना बगितलाय का कवा?" नाही म्हटलं की संपलं. "मग? पान्यात ऱ्हातो म्हनून. ही हवाच लय वंगाळ, गड्या!"

आबा माझे इस्लामपूरचे शेजारी. फौजेच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करून पेन्शनीत आलेले. हा मासा मात्र माझ्या चुकीनं त्यांच्या डोक्यात शिरला. एकदा ते इंग्रजी पेपराचं कात्रण घेऊन आले. मी विज्ञानाचा मास्तर. उत्साहाच्या भरात सगळं सांगून बसलो. परदेशात म्हणे धुरानं फुफ्फुसं करपलेल्या रोग्याच्या छातीत एक खास द्रव भरून बघतायत. त्यात प्राणवायू एवढा मावतो की रोगी माशासारखा त्यातच श्वास घेतो, गुदमरत नाही, उलट आतली घाण सुटून वर येते. अजून नुसत्या चाचण्या चालल्यात, हेही मी सांगितलं होतं. ते आबांनी सोयीस्कर ऐकलं नाही.

झालं! दुसऱ्या दिवसापासून आबा गुऱ्हाळावर. रस आटून गूळ उतरला की गुळव्या काहील घासून धुतो. आबा नेमका तोच मुहूर्त गाठायचे. "काहील रोज धुतासा. छाती कवा धुनार?" गुळव्या बिचारा हात जोडायचा. दातांच्या डॉक्टरकडे कवळी बसवायला गेले आणि तिथल्या काचेच्या पेटीतले मासे तासभर बघून परत आले. कवळी राहिलीच.

मग सांगलीत एका मोठ्या डॉक्टरांचं फुफ्फुसांवर व्याख्यान होतं. आबांनी फेटा बांधला आणि मला ओढतच नेलं. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणताच आबा उभे! आता मासा निघणार म्हणून मी खुर्चीत खाली सरकलो.

"सायेब, ते छातीत भरायचं पानी बारा वर्सांमागं मिळत व्हतं का?"

"नाही हो बाबा. तेव्हा कुठंच रोग्यांना देत नव्हते. आजही त्याची खात्री नाही."

"म्हंजी म्या मागितलं असतं, तरी गावलं नसतं?"

"नसतंच."

"मग बरं झालं," म्हणून आबा खाली बसले. सभागृह खो खो हसलं. मीही हसलो. आज सांगायलाही लाज वाटते.

स्टँडवर आबा आपणहून बोलू लागले. धाकटा भाऊ दत्तू गुळव्या होता. बारा वर्षांमागं गुऱ्हाळाचं छप्पर पेटलं आणि तो आत कोंडला. "आंगावर येक फोड न्हाई, मास्तर. पर छातीत नुसती काजळी. त्यो जाईस्तवर तीन दिस उशाला बसलो. 'दादा, तू फौजंतला डागदर न्हवं? छाती धुऊन काढ की रं,' म्हनायचा. तुमी ते कात्रन वाचलंसा, आन् तवापासनं जिवाला घोर. औषध व्हतं आन् मलाच ठावं न्हवतं, आसं वाटायचं."

एस.टी.त मागच्या बाकावर कुणीतरी जोरात खोकलं. मी आबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"न्हवतंच म्हनलं न्हवं त्ये, मास्तर?"

"नव्हतंच, आबा."

इस्लामपूर येईपर्यंत त्यांनी हे आणखी तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं.