सदाभाऊंचा अंधार

जत्रेच्या गावात टेम्पो शिरला की कुठलाही लाइटवाला आधी आपले दिवे उतरवतो. सदाभाऊ आधी गावाचे दिवे बंद करायला निघायचे. सरपंचांच्या ओट्यावरचा बल्ब, भेळेच्या गाडीवरची लाल-हिरवी माळ, किराणा दुकानातली ट्यूब, कुणाला म्हणून सोडायचे नाहीत.

"मावशी, नाटक सुरू झालं की तेवढी ट्यूब मालवा."

"अन् गिऱ्हाइकाला काय दिसंल?"

"गिऱ्हाईक मीच की. मला समदं दिसतंय. द्या चार लिमलेटच्या गोळ्या."

गोळ्या घ्यायचे आणि ट्यूब बंद करवूनच हलायचे. एकदा त्यांनी रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याला बांबूनं पोतं घातलं आणि येताना काढायला विसरले. ते गाव पुढं कित्येक दिवस अंधारात चाचपडत होतं आणि बिचाऱ्या वायरमनला शिव्या घालत होतं.

खरं वैर मात्र चंद्राशी. आमच्या मावळातल्या निम्म्या जत्रा चैत्रात, पौर्णिमेच्या मागंपुढं. भाऊ वर बघून चुकचुकायचे. "एवढा एक दिवा ताब्यात न्हाई बघ आपल्या." ढग आला की खूश होऊन सगळ्यांना चहा पाजायचे.

मी त्यांच्याकडं शिकायला गेले तेव्हा आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स नुकता संपला होता. वडील लोणावळ्याला रेल्वेत. ते म्हणाले, "सरळ कंपनीत लाग. जत्रेतल्या लाइटवाल्याकडं कसलं आलंय शिक्षण?" पण मला नाटकाचंच लाइट करायचं होतं. गेले हट्टानं कार्ल्याला, त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढं. मला वाटलं, सर्टिफिकेट बघतील. कसलं काय! अंगणात बसलेल्या त्यांच्या बायकोला म्हणाले, "हिच्या डोळ्याला हिचीच ओढणी बांध. आन् पोरी, तू आतून पक्कड आन."

मी शिडीला धडकले, नडगी सोलून घेतली आणि हातोडी घेऊन बाहेर आले. त्यांची बायको हसून हसून लोळायची बाकी होती.

भाऊ हसले नाहीत. "उजेड कुनीबी पाडतंय. बटन दाबलं की झालं. अंधार पाडून दाव."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत बडबडायची. बरेच दिवस मला एका दिव्यालाही हात लावू दिला नाही. अंधारात स्टेजवर चालायचं, वायर हातानं ओळखायची, पावलांचा आवाज करायचा नाही. सवय अशी लागली की घरीही मी दिवा न लावता स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला लागले. एकदा आईच्या अंगावरच जाऊन आदळले. हिला कुणाची तरी नजर लागली म्हणून आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

भाऊंना अंधारात एक ठिणगी खपायची नाही. एका नाटकात पेटीवाल्यानं विंगेत बिडी पेटवली. भाऊंनी ती त्याच्या तोंडातून काढून चपलेखाली चिरडली. "तिकडं राजाच्या राज्यात सूर्य मावळलाय, आन् तुमी हितं दुसरा उगवताय व्हय?"

मला वाटायचं, म्हातारा जरा सटकलेलाच आहे. हा सगळा आटापिटा कशासाठी, ते कळलं आंदर मावळातल्या त्यांच्या मूळ गावी.

तिथं दर जत्रेला गावातलेच हौशी लोक नाटक बसवायचे. राजाचं. राजाचं नाव दर वर्षी बदलायचं, मरण मात्र तेच. शेवटी राजा सिंहासनापुढं कोसळायचा, अंधार व्हायचा, त्या अंधारातच राजा उठायचा आणि उजेड झाला की उभ्यानं गावाला नमस्कार करायचा. हे मरण पिढ्यान्‌पिढ्या, म्हणजे गावाला आठवतंय तेव्हापासून, किसनआबांचं. भातशेती करणारा उंचापुरा गडी, आवाज असा की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची.

किसनआबा आणि सदाभाऊ लहानपणी एकत्र गुरं वळायचे. दोघांनाही नाटकाचं वेड. "पर आमच्या वस्तीतल्याला तवा पार्ट देत न्हवते," भाऊ एकदा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "मला बत्तीलाबी हात लावू देईनात. तर किसना अडून बसला. बत्ती सद्या धरंल, न्हाईतर मी मरायचा न्हाई! शेवटाला दिली बाबा बत्ती." आणि तेव्हापासून त्या गावचा उजेड भाऊंचा.

पण आता आबांचे गुडघे गेले होते. मी शिकायला लागायच्या आदल्या वर्षी राजा मेला, अंधार झाला, आणि कुण्या टवाळ पोरानं मोबाइलचा टॉर्च मारला. मेलेला राजा उठता येईना म्हणून हातापायांवर रांगत विंगेकडं चाललेला अख्ख्या गावानं पाहिला. पोरं खिदळली. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. आबा महिनाभर पारावर आले नाहीत.

या वर्षी जत्रा कमिटीनं राजाचा पार्ट सरपंचांच्या पुतण्याला द्यायचं ठरवलं. भाऊंनी ऐकलं आणि तडक कमिटीपुढं जाऊन उभे राहिले. "किसना मरनार नसंल, तर लाइट दुसरीकडून आना." त्या डोंगरातल्या रस्त्यानं दुसरा कुणी टेम्पो घालायला तयार नव्हता. कमिटी म्हणाली, बरं, एवढं एक वर्ष. पण पुन्हा हसं झालं तर आबांनी तोंडाला रंग लावायचा नाही.

नाटकाआधी भाऊंनी माइक हातात घेतला. एरवी लोकांवर खेकसणारा माणूस, हात जोडून म्हणाला, "बाबांनो, अंधार पडला की मोबाइल खिशात ठिवा. एवढं माज्यासाठी करा."

मग माझ्याकडं आले. "शेवटाला बोर्डावर तूच बस. मी खोकत न्हाई तवर बटनाला हात लावायचा न्हाई. लोकं काय बी बोंबलू देत."

एवढे दिवस ज्या बोर्डाकडं मी आशेनं बघत होते, तो असा अचानक पदरात पडला.

राजा कोसळला. मी अंधार केला. शेजारून भाऊ उठून स्टेजवर गेले, त्यांच्या पावलांचा आवाजही आला नाही. मग कुजबुज ऐकू आली.

"सद्या, उजवा न्हाई वळत रं."

"मग डावा वळव. राजा हायेस ना? धर खांदा."

कुणी हसलं नाही. एकही टॉर्च लागला नाही. मग खोकला आला आणि मी बटन दाबलं. किसनआबा ताठ उभे, हात जोडलेले, मुकुट जरासा कलंडलेला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. भाऊ खाली आले आणि मला म्हणाले, "उशीर केलास. खोकलो की लगीच लावायचं." मी म्हटलं, "चुकलं भाऊ."

आबांनी तो पावसाळा काढला नाही.

पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा त्याच गावात. राजा आता सरपंचांचा पुतण्या, जिममध्ये जाऊन अंग कमावलेला. शेवटी तो कोसळला, मी अंधार केला. पोरगं टुणकन उठून जागेवर उभं राहिल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. आता उजेड करायला काहीच हरकत नव्हती.

पण शेजारी भाऊ नव्हते.

मी थांबले. लोक शिट्ट्या मारायला लागले. कमिटीचा सेक्रेटरी अंधारात ठेचकाळत आला. "ए बाई, लाइट लाव की! झोपलीस का?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं स्टेजवरून आवाज आला. खोकलाच तो, पण मधेच फुटलेला, कसातरी. भाऊंनी मला शिकवलं होतं, खोकला आला की लगेच बटन दाबायचं. मी दाबलं नाही. भाऊ चाचपडत खाली आले, माझ्या शेजारी बसले, आणि त्यांचं उपरण्यानं तोंड पुसून होईतोवर मी उजेड केला नाही.