अंगावरचं फिटिंग

तुम्हाला म्हणून सांगतो, माणसाच्या अंगातला दोष लपवण्यात माझा हात धरणारा शिंपी अख्ख्या बाजारात नाही! एका वकिलाचा खांदा पडका होता. त्याला मी असा कोट शिवून दिला की त्याची बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सरळ उभं राहायला कधी शिकलात?" पोट असो, पाठ असो, मी झाकून दाखवतो.

सगळ्यात जास्त कसब मात्र खर्ची पडलं ते स्वतःच्या छातीवर. पुरुषाला नसावी तेवढी छाती मला मिसरूड फुटायच्या वयात आली आणि मुक्कामालाच राहिली. धावलो, जोर काढले, जेवण अर्धं केलं. बाकी सगळा मी वाळलो, छाती आपली जागेवर! मग मी सदऱ्याला दोन मोठे खिसे लावले, खिशांना झडपा लावल्या, आत टेप, खडू, चष्मा आणि रुमाल कोंबला. लोक म्हणायचे, केवढा कामाचा माणूस!

शेवटी कंटाळलो आणि बायकोला म्हणालो, "चल, कापूनच टाकू." अट एकच. तिच्या धाकट्या भावाला कळता कामा नये! हा माझा मेहुणा समोरच्याच दुकानात शिंपी आहे. त्याची कात्री बरी चालते, पण जीभ त्याहून बरी चालते. त्याला कळलं की बाजाराला कळलं, आणि बाजाराला कळलं की मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही. म्हणून आम्ही सांगितलं, मी गावाला चाललोय.

डॉक्टर फार सज्जन. काय काय होईल ते सगळं समजावून सांगत होते. चरबी नळीने ओढून काढणार, आतली गाठ बारीक छेदातून काढणार. मग काही आठवडे घट्ट बंडी रात्रंदिवस घालायची. सूज येईल, ती हळूहळू उतरेल, छाती बधिर वाटेल. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड काही उचलायचं किंवा ढकलायचं नाही. हे सगळं मला नंतर बायकोकडून कळलं, कारण त्या वेळी मी डॉक्टरांच्या कोटाच्या बाह्या बघत होतो. डावी उजवीपेक्षा चांगली बोटभर लांब!

"काही शंका?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा कोट कुणी शिवला?"

बायकोने टेबलाखाली माझा पाय दाबला.

ऑपरेशन झकास झालं. झोपवलं, उठवलं, संपलं! दुखलं, पण सोसवेल इतकंच. खरा त्रास सुरू झाला तो बंडीचा. समोर चेन, कडेला जाड शिलाई, आणि घट्ट तर इतकी की श्वास घ्यायला परवानगी मागावी लागावी! मी म्हटलं, हे काय फिटिंग आहे? बायको बाहेर गेली तशी मी बंडी काढली, मागच्या जिन्याने घराखालच्या दुकानात उतरलो आणि दोन्ही कडा उसवून सैल केल्या. आहाहा! दोन दिवस राजासारखा वावरलो.

तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं आणि हबकलो. छाती परत आलेली!

"अगं, ऑपरेशन उलटं झालं!"

"सूज आहे ती! डॉक्टर म्हणाले होते ना, बंडीचा दाब कमी झाला तर सूज वाढेल? बघू ती बंडी." तिने कड ओढून पाहिली. "तुम्ही उसवलीत? अहो, डॉक्टरांच्या बंडीला हात लावलात? आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना!"

मी फोन केला असता तर शिंपी कसला! ती माहेरी डोकावायला गेल्याबरोबर मी पुन्हा दुकानात उतरलो आणि तिने झाडायला अर्धवट उघडलेल्या शटरच्या आड बसलो. या खेपेला चोख काम करायचं ठरवलं. कडा आत घेतल्या, चेन भिकार होती म्हणून उपटून फेकली, आणि समोरची बाजू अंगावरच शिवत आणली. आरशासमोर, दुहेरी धाग्याने, माझा खास टाका घालत. हा टाका आजवर कुणाच्या बापाला उसवता आलेला नाही!

शेवटची गाठ मारली, दाताने धागा तोडला आणि मग लक्षात आलं. आता हे काढायचं कसं?

समोरून शिवलेली. डोक्यावरून काढावी तर हात वर जात नाहीत. कात्री खुंटीवर, खुंटी डोक्याच्या वर. लाकडी पट्टीने ढोसली तर कात्री पडली ती थेट कपाटामागे, आणि कपाट ढकलायची मनाई! ब्लेडने उसवावं तर खाली ताजे टाके. श्वास अडकायला लागला. बायकोला फोन लावला. वरच्या मजल्यावर चार्जिंगला लावलेला तिचा फोन मंजुळ वाजू लागला.

मी घाबरलो, खरंच घाबरलो. अब्रू की श्वास, असा प्रश्न पडला आणि श्वास जिंकला. मेहुण्याला फोन लावला.

"भावोजी! काय म्हणतंय गाव?"

"मी दुकानात आहे. कात्री घेऊन ये. काही विचारू नकोस!"

तो शटरखालून वाकून आत आला, मला पाहिलं आणि जागच्या जागी थिजला. मग बोथट टोकाची कात्री सरकवून त्याने बंडी कापायला घेतली. कापायला दम लागला त्याला, हे अभिमानाने सांगतो. बंडी सुटली, मी पोटभर श्वास घेतला. त्याला सगळं दिसलं. छेद, पट्ट्या, सूज, सगळं!

"बाजारात सांगू नकोस रे," मी जवळजवळ रडत म्हणालो.

"ऑपरेशनचं? छे!" तो बंडीचा तुकडा उजेडात धरून बघत होता. "पण भावोजी, स्वतःला आत शिवून घेणारा शिंपी मी जन्मात पाहिला नव्हता!"

डॉक्टरांनी नवी बंडी दिली, सणसणीत बोलणी दिली, आणि छाती खरोखर सपाट झाली. मी रुबाबात बाजारात उतरलो. तर घड्याळवाला माझ्याकडे बघून हसला. चप्पलवाला हसला. चहावाला तर दात काढूनच हसला! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मेहुण्याने सांगितलंच! छातीचं सोडा हो, माझ्या शिलाईला हसतात?

"हसा!" मी चहाच्या टपरीसमोर ओरडलो. "पण एवढं ऐका, ती बंडी मुळात मी शिवलेली नव्हती! आणि हात वर जात नसताना स्वतःच्या अंगावर शिवून दाखवा एकेकाने! ऑपरेशन झालंय माझं, छाती कमी करायचं! हे बघा!" आणि भर रस्त्यात सदरा उघडून दोन्ही व्रण दाखवले.

चहा उतू गेला.

"कसलं ऑपरेशन?" घड्याळवाल्याने विचारलं. "तुमचा मेहुणा तर म्हणाला, तुम्हाला गावची हवा मानवली. म्हटलं, बरे दिसताय!"

मेहुणा पलीकडे चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

"भावोजी," तो हळूच म्हणाला, "बटणं लावा."

मी लावली. घाईत एक काज चुकलं, आणि ते मात्र सगळ्या बाजाराने पाहिलं!