मृदू पावांचा फिरता डबा

शेजारणीच्या हातचा पदार्थ बिघडला असता खरे बोलावे की गोड बोलावे, हा सद्गृहस्थापुढचा सनातन पेच होय. ज्या वस्तीत पाव कठीण होतात, त्या वस्तीची वाणी त्याच प्रमाणात मृदू होत जाते, हे त्यावरचे अनुभवसिद्ध उत्तर. या सिद्धांताची प्रयोगभूमी म्हणून बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीतील ‘शांतिकुंज’ इमारतीचे नाव आदरानेच घेतले पाहिजे.

सन अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास त्या इमारतीत काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन अवतरला आणि पाहता पाहता घरोघरी प्रतिष्ठापित झाला. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये लाजवंतीबाई नावाच्या सिंधी विदुषी बेकिंगचा वर्ग घेत. तेथून शेअर रिक्षाने स्त्रिया ‘डिनर रोल’ची विद्या घेऊन परतत. (हाच पदार्थ दुकानात असला की त्यास पाव म्हणतात. डिनर रोल दुपारी चहाबरोबर खावयाचा असतो.)

त्यांतल्या वृंदाचा हेतू मात्र मिरवण्याचा नव्हता. तिचे सासरे शंकरराव ऊर्फ अप्पा, सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक, यांना नवी कवळी बसली होती. भाकरी सुटली. डॉक्टरांनी मऊ पाव सुचवला. परंतु बेकरीत पीठ पायांनी तुडवतात, ही शंकररावांची बालपणापासूनची पक्की माहिती होती. (त्यांनी बेकरी कधी पाहिली नसल्याने या माहितीत भेसळ झाली नव्हती.) तेव्हा अप्पांच्या मुखी मऊ घास पडायचा, तर तो घरच्याच ओव्हनमधून पडणार होता.

पहिला रोल ताटलीत ठेवला तेव्हा आवाज झाला. अप्पांनी तो चहात बुडवला. चहा संपला, रोल जसाच्या तसा होता.

“उत्तम, सूनबाई. अतिमृदू!” अप्पा म्हणाले. त्या वेळी कवळी त्यांच्या हातात असल्याने शब्दही मृदूच उमटले.

वृंदाने हर्षाने शेजारी डबे पाठवले.

“कापूस हो वृंदाताई, नुसता कापूस!” समोरची उमा म्हणाली. “जिभेवर ठेवला आणि विरघळला!” (रोल तिच्या हातात अखंड होता.)

आता, शेजारचा डबा रिकामा परत करू नये, हा आपला आचार. म्हणून उमाने डब्यात स्वतःचे रोल घालून पाठवले. वृंदानेही “कापूस!” म्हटले. अशा रीतीने डबे मजल्यामजल्यांवरून फिरू लागले. महिला मंडळाने केलेल्या पाहणीत रोलच्या मृदुत्वाविषयी समाधानी कुटुंबे शंभर टक्के आढळली. ज्या एका घरी ओव्हन नव्हता, त्यांचे समाधान सर्वांत अधिक होते. मुंग्यांचे मत घेतले गेले नाही. त्या फिरकल्याच नव्हत्या.

वृंदा आपल्या रोलवर ओळखीसाठी काळ्या तिळांची चंद्रकोर काढत असे. एके दिवशी तळमजल्यावरच्या द्रौपदीकाकूंकडून डबा आला. ही इमारत ज्या भातशेतावर उभी होती, ते एके काळी काकूंचे. वृंदाने झाकण उघडले. आत चंद्रकोर! तिचाच मागच्या सोमवारचा रोल साऱ्या इमारतीची यात्रा करून सुखरूप परतला होता. त्याला कोठे खरचटलेही नव्हते.

तिने झाकण पुन्हा लावले. आतल्या खोलीतून अप्पांचा चहाचा भुरका ऐकू आला. हल्ली त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी सैल का दिसते, हे तिला त्या क्षणी उमगले. म्हातारा माणूस महिनाभर स्तुती आणि चहा यांवर जगत होता.

दुसऱ्याच दिवशी तिने कॅम्प तीन गाठला.

“यीस्ट कौन से पानी में डाला?” लाजवंतीबाईंनी विचारले.

“उकळत्या... मतलब, उबलते. हमारे यहाँ कावीळ की साथ थी ना, तबसे पूरी बिल्डिंग में पानी उबालकेच लेते.”

“अरे साईं! वो जिंदा चीज है, बेटी! तुम लोगों ने तो उसका क्रियाकर्म कर दिया! बच्चे को नहलाते हैं, उतना गुनगुना लेने का.”

म्हणजे संपूर्ण इमारत आरोग्याच्या नियमांचे काटेकोर पालन करून दगड भाजत होती.

वृंदाने कोमट पाणी घेतले. पीठ फुगले. पाव असे उतरले की बोट लावताच दबावेत आणि हसून वर यावेत. तिने उत्साहाने डबे पाठवले. द्रौपदीकाकूंनी रोल दाबला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“गो सूनबाय, यो त कच्चाच रायला!”

“होतं हो असं एखाद्या वेळी,” उमाने तिच्या पाठीवर हात ठेवला. “मागचे कसे कापूस होते!”

घरी अप्पांनी सवयीने रोल चहात बुडवला. तो विरघळून तळाशी गेला. अप्पा कपात पाहत राहिले. दुसरा त्यांनी कोरडाच खाल्ला. मग तिसरा. ‘उत्तम’ हा शब्द काही आला नाही. पुढे आली ती रिकामी ताटली.

“सूनबाई,” तोंडातला घास संपवून ते हळूच म्हणाले, “मागचे हो... तितकेसे बरे नव्हते.”

वृंदाचे डोळे भरून आले. महिनाभरातले हे पहिले खरे वाक्य.

तोच दारात उमा. हातात तिच्या रोलचा डबा. कोमट पाण्याचे रहस्य वृंदाच्या ओठांवर आले. पण ते सांगायचे, तर आधी ‘तुझे रोल दगड आहेत’ हे सांगावे लागणार! वृंदाने अप्पांकडे पाहिले. अप्पांनी कवळी काढून हातात घेतली.

“अतिमृदू,” अप्पा म्हणाले.

“कापूस हो,” वृंदा म्हणाली.

शांतिकुंजात आजही पाणी उकळूनच घेतात. त्या सर्व सज्जनांचे कल्याण असो. आणि वाचकहो, आजवर तुमच्या हातचे खाऊन ज्यांनी ज्यांनी ‘कापूस!’ म्हटले, त्यांचेही दात परमेश्वर अभंग राखो.